खुणेवर विसंबूं नये: कॅमशाफ्ट अचूक बसविण्याची रीत

पंचांगांत सूर्योदयाची वेळ छापलेली असते; परंतु ती कोणत्या गांवची, हें पाहिल्यावांचून जाणता गृहस्थ तिच्यावर विसंबत नाहीं. मुंबई आणि कोल्हापूर यांच्या रेखांशांत सव्वा अंशाहून थोडें अधिक अंतर आहे. एका अंशास चार मिनिटें धरिलीं, तर माध्यान्हीचा सूर्य कोल्हापुरास मुंबईपेक्षां पांच मिनिटांहून थोडा अधिक वेळ आधीं येतो. म्हणजे छापील आंकडा खोटा नसतो. तो दुसऱ्या जागेचा असतो, आणि आपल्या गांवासाठीं त्यास संस्कार द्यावा लागतो. इंजिनाच्या दंतचक्रावर कारखान्यानें मारून दिलेल्या खुणेचेंही तसेंच आहे. ती खूण नव्या व मूळ स्थितींतल्या इंजिनाची असते. तें इंजिन उघडून, घासून, नवे भाग घालून अधिक जोमदार केलें, कीं खुणेस संस्कार द्यावा लागतो. तो संस्कार कसा द्यावयाचा, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

विषय यंत्राचा असला तरी कोल्हापूरकर वाचकांस तो परका वाटूं नये. शिवाजी उद्यमनगरांतल्या लेथांचा आवाज ऐकत येथील पिढ्या वाढल्या. उसाच्या मळ्यांस पाणी देणारीं तेलाचीं इंजिनें व त्यांचे सुटे भाग येथें तयार होत असत. पुढें शिरोली, गोकुळ शिरगांव व कागल येथें औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या आणि ओतकामाचें शहर म्हणून कोल्हापूरचें नांव देशभर झालें. पिस्टन व बेअरिंगें करणारे मेनन यांचे कारखाने याच परिसरांतले, आणि किर्लोस्कर ऑईल इंजिन्सचा एक मोठा कारखानाही कागलचाच. ही कंपनी १९४६ सालीं स्थापन झाली. त्याच्याही पूर्वीं, १९१० सालीं, लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं औंध संस्थानांत कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली होती. इंजिन हें या भागांत असें घरचेंच होऊन बसलें आहे.

आतां तरुणांस शर्यतीच्या यंत्रांची गोडी लागली आहे. कोल्हापूरजवळील मोहिते यांच्या धांवपट्टीवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत. तेथें धांवणाऱ्या रोटॅक्स मॅक्स कार्टचें इंजिन टू-स्ट्रोक असतें. त्यांत कॅमशाफ्टच नसतो, कारण सिलिंडरच्या भिंतींतल्या वाटा पिस्टन स्वतःच उघडतो व मिटतो. परंतु अभियांत्रिकीचे विद्यार्थी ज्या स्पर्धांसाठीं एका माणसाची लहान शर्यतगाडी स्वतः बांधतात, त्या फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांतून फोर-स्ट्रोक इंजिनें लागतात. चाकणच्या बजाज कारखान्यांत बनलेलें केटीएमचें ३७३ घनसेंटिमीटरचें इंजिन अशा गाड्यांत पुष्कळदां दिसतें. पेट्रोलच्या गाडीनें सारी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एका अरुंद तोंडांतूनच घ्यावी, असा तेथें नियम आहे. हवा मोजून मिळत असल्यामुळें ती केव्हां आंत घ्यावयाची व केव्हां कोंडावयाची, यासच महत्त्व येतें.

ज्या घरांत असा मुलगा किंवा मुलगी आहे, तेथें एक प्रश्न हटकून निघतो. मुलगा म्हणतो कीं रेसिंगचा कॅम घ्यावयाचा आहे. वडील विचारतात कीं त्यानें काय होणार. आमचें उत्तर असें कीं, कॅम कितीही भारी असला तरी तो योग्य क्षणीं चालत नसेल तर पैसा व्यर्थ गेला. आणि तो योग्य क्षणीं चालतो कीं नाहीं, हें मापल्यावांचून कळत नाहीं. म्हणून आधीं मापण्याचीं साधनें घ्यावीं, मग कॅम घ्यावा.

प्रथम मूळ रचना पाहूं. फोर-स्ट्रोक इंजिनांत पिस्टन चार धांवा करितो. पहिलींत खालीं येऊन हवा व इंधन आंत ओढतो, दुसरींत वर जाऊन तें दाबतो, तिसरींत ज्वलनाच्या जोरानें खालीं ढकलला जातो, आणि चौथींत जळलेला वायु बाहेर काढतो. पिस्टनची सर्वांत वरची जागा ती टॉप डेड सेंटर. तीस आपण नुसतें ‘टॉप’ म्हणूं, आणि सर्वांत खालच्या जागेस ‘बॉटम’. या चार धांवांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात, पण प्रत्येक झडप एकदांच उघडावयाची असते. म्हणून झडपा हलविणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीनें फिरतो. त्यावर एका बाजूस निमुळते झालेले जे उंचवटे असतात, तेच कॅम. कॅमशाफ्टचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन अंश, हें सूत्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें निराळें सांगितलें नसेल तेथें सर्व अंश क्रँकचे समजावेत.

आंत घेणारी झडप, म्हणजे इनलेट, पिस्टन टॉपला असतां उघडावी व बॉटमला असतां मिटावी, असें सहज वाटेल. परंतु तसें करीत नाहींत. हवेस वजन आहे, आणि नळींतून वेगानें येणारी हवा पिस्टन थांबला म्हणून तत्क्षणीं थांबत नाहीं. म्हणून झडप टॉपच्या थोडी आधीं उघडतात, आणि पिस्टन बॉटमवरून वर निघाल्यावरही कांहीं काळ उघडी ठेवितात. समजा, एका कॅमच्या कार्डावर लिहिलें आहे: टॉपपूर्वीं २० अंशांवर उघडणें, बॉटमनंतर ५६ अंशांवर मिटणें. मधले १८० अंश मिळवून झडप एकूण २५६ अंश उघडी राहते. इंजिन मिनिटास ६,००० फेरे घेत असेल तर एका फेऱ्यास सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. म्हणजे झडपेस सारें काम सुमारें ७ मिलिसेकंदांत उरकावयाचें असतें, आणि एक अंश म्हणजे सेकंदाचा छत्तीस हजारावा भाग.

यांत इनलेट झडप मिटण्याचा क्षण सर्वांत महत्त्वाचा. ती लवकर मिटली, तर मंद गतीवर जोर चांगला मिळतो. पण उच्च गतीवर स्वतःच्या वेगानें येऊं पाहणारी हवा दाराबाहेरच राहते. ती उशिरां मिटली, तर उच्च गतीस लाभ होतो. पण मंद गतीवर आंत आलेली हवा वर येणारा पिस्टन पुन्हां नळींत लोटून देतो. दोन्ही लाभ एकदम मिळावेत म्हणून मोटार-कारखान्यांनीं पुष्कळ खटपट केली. आल्फा रोमिओनें १९८० सालीं आपल्या स्पायडर गाडींत चालू इंजिनांतच कॅमशाफ्ट पुढें-मागें सरकविण्याची योजना आणली. होंडानें १९८९ सालीं व्हीटेक या नांवानें गतीप्रमाणें निरनिराळे कॅम लावण्याची युक्ति बाजारांत आणली. आज अशी सोय साध्या कुटुंबाच्या मोटारींतही आढळते. ज्या थोड्या अंशांसाठीं मोठमोठ्या कारखान्यांनीं एवढा खर्च केला, ते अंश हातानें इंजिन बांधणारानें अंदाजावर सोडावे, हें शहाणपणाचें नव्हे.

आतां खूण कां पुरत नाहीं, तें पाहूं. क्रँकच्या दंतचक्रास २० दात व कॅमच्या चक्रास ४० दात असतील, तर साखळी एक दात चुकली असतां फरक १८ अंशांचा पडतो. खुणा जुळल्या म्हणजे दात चुकलेला नाहीं, एवढेंच सिद्ध होतें. त्या १८ अंशांच्या आंतल्या चुकीविषयीं खूण मुकी असते. ही आंतली चूक अनेक वाटांनीं शिरते. चक्रांतील चावीची खांच किंचित् सरकलेली असते, किंवा कॅम घासतांनाच शाफ्टच्या खांचेशीं त्याचा कोन थोडा बदललेला असतो. वापरानें साखळी लांबते, आणि कॅम मागें राहतो. कॅमशाफ्ट वर हेडमध्यें असेल आणि दाब वाढविण्यासाठीं हेड घासून घेतलें असेल, तर क्रँक व कॅम यांतील अंतर कमी होतें आणि तेव्हांही कॅम मागेंच पडतो. हेड अर्धा मिलिमीटर घासलें आणि कॅमच्या चक्राची त्रिज्या ५० मिलिमीटर असली, तर कॅम अर्ध्या अंशाहून थोडा अधिक मागें जातो. क्रँकच्या हिशेबानें तो एका अंशाहून अधिक झाला. अशा दोन-तीन लहान चुका एकाच दिशेस मिळाल्या, कीं खुणा तंतोतंत जुळूनही चार-पांच अंशांचा फरक पडूं शकतो.

मापनाची पहिली पायरी म्हणजे खरें टॉप शोधणें. क्रँकच्या टोकावर ३६० अंशांची चकती बसवावी आणि इंजिनाच्या अंगावर तारेचा एक कांटा पक्का करावा. पिस्टन सर्वांत वर आलेला डोळ्यांनीं पाहून चकतीचें शून्य कांट्यासमोर आणणें, ही रीत मात्र फसवी आहे. टॉपजवळ पिस्टन जवळजवळ स्तब्ध असतो. ज्या इंजिनांत पिस्टनची धांव ८० मिलिमीटर आहे, त्यांत टॉपपासून एक अंश फिरल्यावर पिस्टन मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकाही खालीं उतरत नाहीं. तेंच धांवेच्या मध्याजवळ एका अंशांत तो मिलिमीटरचा सुमारें सात-दशांश भाग चालून जातो. जेथें हालचालच नाहीं, तेथें डोळा काय पाहणार?

म्हणून पिस्टनला टॉपपूर्वींच अडवितात. जुन्या स्पार्क प्लगचा आंतला भाग काढून, त्यांत आटे पाडून गोल टोकाचा बोल्ट बसविला, कीं अडसर तयार होतो. तो प्लगच्या जागीं लावून क्रँक हातानें हळू फिरवावा. पिस्टन अडसरास टेकला कीं चकतीवरचा आंकडा लिहून घ्यावा. मग उलट फिरवून दुसऱ्या बाजूनें पिस्टन टेकवावा आणि तोही आंकडा घ्यावा. समजा, एका बाजूस ३४ व दुसऱ्या बाजूस ३० आले. खरें टॉप या दोहोंच्या बरोबर मध्यें आहे. म्हणजे चकतीचें शून्य दोन अंश चुकलें होतें. दोन्ही बाजूंस ३२ येईपर्यंत चकती सरकवावी आणि अडसर काढून टाकावा. येथें राहिलेली चूक पुढील प्रत्येक मापांत उतरते, म्हणून ही पायरी दोनदां करावी.

दुसरी पायरी म्हणजे कॅमचा मध्य शोधणें. डायल गेज भक्कम धरून त्याचें टोक टॅपेटवर किंवा झडपेच्या स्प्रिंगच्या टोपीवर, झडपेच्या हालचालीच्या रेषेंतच टेकवावें. तें तिरकें असल्यास माप खोटें येतें. टॅपेटांत मोकळीक राहिली असेल तर ती या मापनापुरती काढून टाकावी. क्रँक नेहमीं इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेनेंच फिरवावा. आंकडा ओलांडून गेल्यास तसेंच उलट येऊन थांबूं नये. पाव फेरा मागें जाऊन पुन्हां पुढें यावें, म्हणजे साखळीची सैल बाजू मापांत शिरत नाहीं.

झडप पूर्ण उघडली असतां डायल शून्यावर आणावें. कॅमच्या माथ्यावरही झडप कांहीं अंशांपर्यंत स्तब्धच असते, म्हणून येथेंही माथा न पाहतां त्याच्या दोन्ही बाजू पाहावयाच्या. समजा, माथ्याच्या १ मिलिमीटर खालीं, झडप उघडत असतां चकतीवर टॉपनंतर ६४ अंश आले, आणि मिटत असतां १५८ अंश आले. दोहोंची बेरीज २२२, निम्मे १११. आपल्या कार्डाप्रमाणें मध्य कोठें असावयास हवा? एकूण २५६ अंशांचे निम्मे १२८, त्यांतून टॉपपूर्वींचे २० वजा केले म्हणजे १०८. म्हणजे खुणा जुळवून बसविलेला हा कॅम तीन अंश मागें आहे.

कॅमच्या दोन्ही बाजू सारख्या घासलेल्या असतील तरच ही मध्याची रीत लागू पडते. कित्येक कॅमांची उघडण्याची बाजू उभट व मिटण्याची सौम्य असते. तेथें कार्डावर जेवढ्या उचलीवर आंकडे दिलेले असतील, तेवढ्याच उचलीवर उघडण्या-मिटण्याचे अंश ताडून पाहावेत. कोणी निर्माते १ मिलिमीटरवर आंकडे देतात, कोणी इंचाच्या पन्नास-सहस्रांशावर, म्हणजे १.२७ मिलिमीटरवर. उचल निराळी घेऊन आंकडे ताडले, तर चांगला कॅमही चुकीचा वाटतो.

आतां हे तीन अंश कसे भरून काढावयाचे? दात बदलून चालणार नाहीं, कारण एक दात अठरा अंशांचा. म्हणून किंचित् सरकलेली चावी वापरतात, किंवा बोल्टांसाठीं लांबट छिद्रें असलेलें चक्र लावून तें हवें तेवढें फिरवून आंवळतात. क्रँकचे तीन अंश म्हणजे कॅमशाफ्टचा दीड अंश. २४ मिलिमीटर जाडीच्या शाफ्टवर तो कडेस मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा भरतो. एवढ्याशा फरकासाठींच ही सारी आंकडेमोड. बदल केल्यावर माप पुन्हां पहिल्यापासून घ्यावें. इनलेट व एक्झॉस्ट यांचे कॅमशाफ्ट निरनिराळे असल्यास प्रत्येकाचें माप स्वतंत्र घ्यावें. एकाच शाफ्टवर दोन्ही असतील, तर एक सरकविला कीं दुसराही सरकतो, हें विसरूं नये.

तिसरी पायरी सुरक्षिततेची आहे, आणि तीच वगळण्याचा मोह फार होतो. टॉपच्या आसपास दोन्ही झडपा थोड्या उघड्या असतात व पिस्टन अगदीं जवळ असतो. एक्झॉस्ट झडप व पिस्टन सामान्यतः टॉपपूर्वीं दहा अंशांच्या सुमारास, आणि इनलेट झडप टॉपनंतर दहा अंशांच्या सुमारास, एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात. इनलेट कॅम पुढें घेतला कीं त्या झडपेचें अंतर कमी होतें. एक्झॉस्ट कॅम मागें नेला कीं तिचें अंतर कमी होतें. म्हणून पिस्टनच्या माथ्यावर प्लॅस्टिसीनचा थर द्यावा, त्यास तेलाचा हात लावावा, हेड गॅस्केटसह बसवून आंवळावें आणि क्रँक हातानें दोन फेरे फिरवावा. हेड काढून थर सुरीनें कापावा व सर्वांत पातळ जागेची जाडी मोजावी. इनलेटला निदान २ मिलिमीटर व एक्झॉस्टला निदान २.५ मिलिमीटर अंतर ठेवण्याचा परिपाठ आहे. हातानें फिरवितांना कोठेंही अडल्यासारखें वाटलें, तर जोर करूं नये, कारण शोधावें. आणि दोन पूर्ण फेरे हातानें निर्वेध फिरल्यावांचून स्टार्टरला हात लावूं नये.

येथें कोणी म्हणेल, उद्यमनगरांतल्या जुन्या मेस्त्र्यांनीं हें सारें कोठें केलें? ते तर नुसत्या आवाजावरून इंजिनाची नाडी ओळखीत. त्या कानाविषयीं आम्हांस पूर्ण आदर आहे. ढिलें टॅपेट, वाजणारें बेअरिंग, चुकलेला स्पार्क यांची बातमी कान जितकी लवकर देतो तितकी कोणतेंही यंत्र देत नाहीं. मिनिटास थोडेच फेरे घेऊन दिवसभर पाणी ओढणाऱ्या इंजिनास दोन-तीन अंशांचें सोयरसुतकही नसे. परंतु शर्यतीच्या इंजिनांत कॅम तीन अंश मागें असला, तर तो आवाज करीत नाहीं. इंजिन सुरू होतें, नीट चालतें, फक्त जें द्यावयास हवें तें देत नाहीं. मग बांधणारा इंधनाचें प्रमाण बदलतो, स्पार्कची वेळ बदलतो, कॅम विकणारास दोष देतो, आणि निरोगी अवयवांवर औषधें करीत बसतो. मुळांतली चूक तशीच राहते. चूक याहून मोठी असली तर झडप पिस्टनवर आपटते आणि घरच्यांनीं दिलेला सारा पैसा एका क्षणांत भंगारांत जमा होतो.

याहूनही एक मोठी गोष्ट आहे. कान शिकवितां येत नाहीं. तो वर्षानुवर्षांच्या संवयीनें तयार होतो, आणि माणूस गेला कीं त्याच्याबरोबर जातो. कोल्हापुरांत असें किती ज्ञान कोणत्याही वहींत न उतरतां गेलें असेल, याचा विचार मनास चुटपुट लावितो. माप मात्र लिहितां येतें, दुसऱ्यास देतां येतें, आणि कोणाही नवख्यास तें पुन्हां तपासतां येतें. ज्याच्या हातीं कानही आहे आणि वहीही आहे, तोच खरा पुढच्या पिढीचा गुरु.

म्हणून पालकांस आमची सूचना अशी. मुलानें कॅमसाठीं पैसे मागितल्यास त्यास नाहीं म्हणूं नका. पण आधीं अंशांची चकती, चांगला डायल गेज व त्याचा चुंबकी स्टँड घ्यावयास सांगा. अडसर तो घरीं करील. हातांतलें इंजिन जसें आहे तसेंच त्यानें प्रथम मापावें. बहुधा पहिला लाभ तेथेंच मिळेल. शर्यतीसाठीं बांधलेलें इंजिन धांवपट्टीवरच चालवावें, सार्वजनिक रस्त्यावर नव्हे, हेंही त्यास बजावा. आणि प्रत्येक इंजिनाची एक स्वतंत्र वही ठेवावयास लावा. इंजिनाचा क्रमांक, मापाचा दिनांक, टॉपचे दोन्ही आंकडे, दोन्ही कॅमांचे मध्य, झडपांचीं अंतरें, काय बदललें व बदलानंतर काय आलें, हें सर्व तींत शाईनें लिहिलेलें असावें. तें इंजिन उद्यां दुसऱ्याच्या हातीं गेलें, तर त्याच्याबरोबर ती वहीही द्यावी.